बेटावरची विहीर

मालवणच्या किनाऱ्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांस तेथे काय पाहिले असे विचारले, तर तट व बुरूज यांच्या आधी बहुतेक जण तेथील विहिरींचे नाव घेतात. दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी त्या किल्ल्यात आहेत. चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्ये पोहरा सोडताच गोडे पाणी, याचे नवल लहानांस वाटते तसेच थोरांसही वाटते. गेल्या सहलीच्या वेळी हे पाणी येते कोठून असा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांस केला. कोणी म्हणाला, समुद्राच्या तळाखालून मालवणाकडचा झरा येत असावा. कोणी म्हणाला, वाळूतून व खडकातून गाळून समुद्राचेच पाणी गोडे होत असावे. पहिली गोष्ट क्वचित एखाद्या बेटाच्या बाबतीत खरी असते, दुसरी कोठेही खरी नाही. वाळू गाळ अडवते, विरघळलेले मीठ अडवीत नाही. परंतु ही उत्तरे देणाऱ्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण शिक्षकमंडळीकडूनही त्या वेळी याहून बरे उत्तर चटकन निघाले नाही.

खरे उत्तर अगदी साधे आहे. बेटावरच्या विहिरीतले पाणी हे बहुधा त्याच बेटावर पडलेल्या पावसाचे असते. पाऊस जमिनीत मुरतो, खाली आधीच भरून असलेल्या खाऱ्या पाण्यापर्यंत जातो आणि हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीसाव्या हिश्श्याने जड असते. त्यामुळे बेटाच्या पोटात गोडे पाणी समुद्रसपाटीच्या एक फूट वर उभे असेल, तर तितक्याच जागी ते सपाटीखाली सुमारे चाळीस फूट उतरलेले असले पाहिजे, असा हिशेब निघतो. बाडोन गायबेन या डच लष्करी इंजिनियराने १८८९ च्या सुमारास आणि हर्त्सबर्ग या जर्मन गृहस्थाने १९०१ साली हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. हर्त्सबर्गपुढे उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटाच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न होता. या पाण्याचा आकार मध्ये जाड व कडेला पातळ, म्हणजे चष्म्याच्या भिंगासारखा होतो. म्हणून शास्त्रज्ञ त्यास गोड्या पाण्याचे भिंगच म्हणतात. भिंग आणि खालचा खारेपणा यांच्यामध्ये भिंत नसते. भरती-ओहोटीने ते पाणी रात्रंदिवस हिंदकळत असते व मध्ये मचूळ पाण्याचा एक थर तयार होतो. त्यामुळे कागदावर चाळीस फूट निघाले, तरी प्रत्यक्षात पिण्याजोगे पाणी त्याहून पुष्कळच कमी भरते.

सिंधुदुर्गाचे बेट खडकाचे आहे आणि आज तेथे राहणारी कुटुंबे मोजकी आहेत. तेथील विहिरी हा कौतुकाचा विषय राहिला तरी चालेल. ज्या बेटांवर हजारो माणसे याच एका भिंगावर जगतात त्यांचा विचार आम्हांस या लेखात करावयाचा आहे, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच देशाचा लक्षद्वीप हा समूह कोचीपासून सुमारे चारशे किलोमीटरच्या टापूत अरबी समुद्रात पसरलेला आहे. तेथील सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती बत्तीस चौरस किलोमीटर भरते. वस्तीची बेटे दहा. त्यांवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर तर नाहीच. प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू, तिच्याखाली जुना सच्छिद्र चुनखडक, आणि वर नारळीची बने. पाऊस वर्षास सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आमच्या कोकणाच्या सुमारे निम्मा. आणि तोही बहुतेक पावसाळ्यातच पडून जातो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आभाळ कोरडे असते. त्या चार महिन्यांत माणसांनी प्यावयाचे, नारळींनी शोषावयाचे, ते सर्व त्या एका भिंगातून.

१९५१ च्या खानेसुमारीत या बेटांची लोकसंख्या २१,०३५ होती. २०११ च्या खानेसुमारीत ती ६४,४७३ झाली. साठ वर्षांत तिप्पट. एका चौरस किलोमीटरात दोन हजार माणसे, हे प्रमाण एखाद्या लहानशा शहरासच शोभेल. हे आकडे वाचून, 'माणसे वाढली, पाणी आटले, दोष त्यांचाच' असा निकाल देऊन मोकळे होणारे लोक आम्हांस भेटले आहेत. आम्हांस तो निकाल मान्य नाही. २००१ ते २०११ या दशकात तेथील लोकसंख्या शेकडा सहाच्या आसपासच वाढली, म्हणजे वाढीचा वेग पुष्कळ मंदावला आहे. वेग मंदावला, पण विहिरी सुधारल्या नाहीत. तेव्हा कारण नुसत्या डोक्यांच्या संख्येत नाही. ते पाणी काढण्याच्या आणि मैला टाकण्याच्या रीतीतही शोधले पाहिजे.

पूर्वी प्रत्येक घराच्या परसात एक उथळ विहीर किंवा डबके असे आणि पाणी हाताने काढले जाई. हाताने पाणी काढणारा माणूस थकतो. थकला की थांबतो. आणि तो थांबला की भिंग पुन्हा सावरते. विजेचा पंप थकत नाही. एकाच जागी पंपाने जोराने उपसा केला की गोड्या पाण्याची पातळी तेथे थोडीशी खाली जाते, आणि वर सांगितलेल्या एकास चाळीस या हिशेबाने खालचे खारे पाणी सुळक्यासारखे वर चढते. एक वीत उपसल्याचा दंड चाळीस विती भरावा लागतो! विहीर खारट झाली म्हणून ती अधिक खोल खणावी, ही आपली देशावरची रीत तेथे नेमकी उलटी पडते. खोल गेले की खारे पाणीच जवळ येते.

दुसरे दुखणे अधिक लाजिरवाणे, म्हणून त्याविषयी कमी बोलले जाते. घरोघरी शौचकूप झाले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्याची टाकी आणि पिण्याची विहीर ही एकाच लहानशा परसात, काही पावलांच्या अंतरावर असतात. वाळू सैल आहे, पाणी हात-दोन हातांवर आहे. टाकीतून जे पाझरते ते विहिरीत यावयास फार वाट पाहावी लागत नाही. अशा पाण्याचा परिणाम काय होतो हे शेजारच्या मालदीवने भोगले आहे. १९७८ साली तेथे पटकीची मोठी साथ आली. त्या देशाची राजधानी माले हे सुमारे दोन चौरस किलोमीटरांचे बेट. तेथे वस्ती इतकी दाटली की जमिनीतले गोडे पाणी काही दशकांत उपसून व नासून संपले, आणि १९८८ पासून समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून शहरास पुरविण्यास आरंभ झाला.

यंत्राविषयी आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे अशी वाचकांस विनंती आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही. २००५ साली कवरत्ती येथे राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने जे यंत्रघर उभारले ते खरोखर कौतुकास पात्र आहे. समुद्राच्या पृष्ठावरचे कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या पात्रात सोडतात. तेथे त्यातील काही भागाची, उकळी न आणताच, वाफ होते. आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून नळाने वर आणलेल्या थंड पाण्याच्या योगाने त्या वाफेचे पुन्हा पाणी होते. मीठ मागे राहते. पुढे २०११ साली मिनिकॉय व अगत्ती येथेही अशी यंत्रघरे झाली. समुद्राच्याच उष्णतेचा व समुद्राच्याच गारव्याचा उपयोग करून घेण्याची ही युक्ती आमच्या विज्ञानाच्या तासास अवश्य शिकविण्यासारखी आहे.

परंतु हिशेब करून पाहावा. कवरत्तीचे यंत्र दिवसास एक लाख लिटर पाणी देईल असे बांधले गेले. कवरत्तीची वस्ती २०११ साली अकरा हजारांच्या वर होती. म्हणजे माणशी जेमतेम नऊ लिटर. पिण्यास व भात शिजविण्यास ते पुरेल. अंघोळ, धुणी, भांडी, गुरेढोरे, आजाऱ्याची शुश्रूषा यांसाठी माणूस पुन्हा विहिरीवरच येणार. शिवाय हे यंत्र चालविण्यास वीज लागते, आणि बेटांवरची बरीचशी वीज आजही जहाजाने आणलेल्या डिझेलवर होते. म्हणजे पाणी पिण्यासाठी आधी तेल आणावयाचे. यंत्र बंद पडले तर काय होते हे ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेत दिसून आले. पाणी गोडे करण्याच्या तेथील कारखान्यास आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ एकाएकी कोरडे पडले. आपल्या देशातून विमानांनी पाणी धाडण्यात आले, 'सुकन्या' व 'दीपक' ही नौदलाची जहाजे धावली, आणि प्रसंग निभावला. परंतु पायाखाली एके काळी गोडे पाणी असलेल्या शहरास पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगा लावून उभे राहावे लागले, आणि विहिरीकडे वळावे तर विहीर उरलेलीच नव्हती.

येथे आमच्या घरचीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या वसतिगृहाच्या मागे एक जुनी बांधीव विहीर आहे. नळाचे पाणी आले त्या वर्षी सर्वांस आनंद झाला, आणि त्या आनंदात विहिरीकडे कोणी पाहिनासे झाले. प्रथम रहाटाचा दोर गेला; मग आत पालापाचोळा पडू लागला; मग खानावळीचा केर टाकण्यास ती जागा सोयीची वाटू लागली. हे आमच्या डोळ्यांदेखत झाले व आम्ही काही बोललो नाही. पुढे एका मे महिन्यात नळ तीन दिवस बंद राहिला. विहिरीत पाणी होते, पुष्कळ होते. पण त्यात हात घालण्याचे धैर्य कोणास झाले नाही. मुलांनी पाऊण मैलावरून घागरी आणल्या. त्या तीन दिवसांत आम्हांस जे कळले तेच कवरत्तीच्या बाबतीत आम्ही म्हणत आहोत: नवे साधन आले म्हणून जुने नासू देणे हा कारभार नव्हे.

आमच्या येथे तीन दिवसांनी नळ आला. बेटाच्या पाठीशी मात्र दुसरा गाव नसतो. मुंबईदेखील एके काळी बेटच होती आणि विहिरी व तलाव यांवर जगत होती. वस्ती वाढून ते पाणी पुरेना, तेव्हा साष्टीत विहारचा तलाव बांधून १८६० पासून तेथील पाणी नळाने शहरात आणले, आणि त्यामागून तुळशी, तानसा असे एकेक जलाशय जोडले गेले. मुंबईस साष्टी होती. कवरत्तीस साष्टी नाही.

आता हवामानाविषयी. समुद्र चढत आहे व त्यामुळे बेटे बुडणार, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु बेट बुडण्याच्या पुष्कळ आधी त्याचे पाणी जाते ही गोष्ट मागे पडते. नुसती सपाटी थोडी वर आली आणि बेटाची रुंदी कायम राहिली, तर भिंगही तितकेच वर उचलले जाते व फारसे बिघडत नाही. रुंदी घटली म्हणजे मात्र घात होतो. लांबट बेटाची रुंदी निम्मी झाली, तर भिंगाची जाडीही निम्मी होते, आणि एकंदर पाणी निम्मे नव्हे तर चौथाई उरते. लक्षद्वीपच्या बंगारम कंकणद्वीपातले परळी नावाचे एक निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेल्याचे २०१७ साली एका अभ्यासात आढळले. निर्जन होते म्हणून कोणाचे घर गेले नाही, एवढेच. त्याच वर्षाच्या अखेरीस ओखी चक्रीवादळाने मिनिकॉयच्या बाजूस मोठा तडाखा दिला.

वादळाची लाट बेटावरून गेली की खारे पाणी वरून भिंगात मुरते. २००५ साली पर्सी वादळाच्या वेळी पॅसिफिक महासागरातील कुक द्वीपांपैकी पुकापुका येथे असे झाले, आणि तेथील भूजल पुन्हा पिण्याजोगे होण्यास वर्षाच्या आसपास काळ जावा लागला. एका पावसाळ्याने धुऊन निघते ते नुकसान सोसता येते. परंतु अशी लाट दरवर्षी येऊ लागली तर धुऊन निघण्यास वेळच उरत नाही. मार्शल द्वीपांतील एका बेटाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१८ साली असेच अनुमान काढले की, बहुतेक कंकणद्वीपे याच कारणाने या शतकाच्या मध्याच्या सुमारास राहण्यास अयोग्य होऊ शकतील. पाऊस हटला तरी तेच. २०११ साली तुवालू या देशात पाऊस इतका लांबला की सरकारने आणीबाणी पुकारली आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांनी पाणी गोडे करण्याची यंत्रे विमानाने नेऊन पोचविली. या देशांतील लोकांनी किती कोळसा व किती तेल जाळले असेल? ज्यांनी जाळले ते आपापल्या नद्यांच्या काठी आहेत. या अन्यायाविषयी मोठ्या परिषदांत ठराव होतात ते योग्यच आहेत, आणि आपण भारतीय मोठ्या देशाचे रहिवासी या नात्याने त्या ठरावांतील कोणत्या बाजूस बसतो हेही मुलांनी एकदा विचारून पाहावे. परंतु ठराव होईपर्यंत विहीर थांबत नाही.

मग करावे काय? किरिबाटी देशातील तारावा बेटाने बोनरिकी येथे जे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे बेटाचा रुंद भाग पाण्यासाठी राखून ठेवला. खोल विहिरी न खणता पाण्याच्या वरच्या थरालगत आडव्या सच्छिद्र नळ्या पुरल्या, म्हणजे वरवरची साय काढावी तसे पाणी थोडे थोडे व सर्वत्र सारखे घेता येते, आणि खालचे खारे पाणी डिवचले जात नाही. युक्ती उत्तम. पण राखीव केलेली जमीन कोणाची तरी होती. ज्या कुळांची ती होती त्यांस तेथे घर बांधण्याची मनाई झाली, मोबदल्यावरून तंटे झाले, आणि वस्ती दाटत गेली तसतशी माणसे राखीव भागात शिरूही लागली. आम्हांस यात मूठभरांच्या जमिनीवर सर्व गावाची तहान भागविण्याचा प्रश्न दिसतो. पाणी सर्वांचे, तर त्यासाठी ज्यांनी अंगण सोडले त्यांचा मोबदलाही सर्वांनी, आणि वेळेवर, दिला पाहिजे. इंजिनियरांच्या नकाशात हे कलम बहुधा नसते आणि योजना तेथेच अडते.

लक्षद्वीपच्या बाबतीत आमचे मत असे आहे की, यंत्रघरावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर मैल्याच्या व्यवस्थेवरही खर्च झाला पाहिजे. पाझरणाऱ्या टाक्या बंद होऊन मैला बंदिस्त रीतीने एके ठिकाणी नेला जाईल त्या दिवशी हजारो विहिरी एक थेंबही जास्त पाऊस न पडता पुन्हा उपयोगी पडतील. छपरावरच्या पावसाला पन्हळ लावून तो टाकीत घेणे ही गोष्ट तर प्रत्येक शाळेने व कचेरीने आधी स्वतःच्या छपरापासून सुरू करावी. परसातल्या विहिरींवरील पंपांस मर्यादा घालणे कडू आहे. पण ते कोणी तरी बोललेच पाहिजे. आणि पाहुण्यांविषयीही बोलले पाहिजे. जानेवारी २०२४ पासून या बेटांच्या सौंदर्याची वर्तमानपत्रांतून बरीच जाहिरात झाली व तेथे जाण्याची हौस आमच्या पालकवर्गातही दिसू लागली आहे. हौस वाईट नाही. परंतु माणशी नऊ लिटरांच्या गावी जाऊन फवाऱ्याखाली अंघोळ करणारा पाहुणा कोणाचे पाणी वापरतो, हे त्याच्या खोलीच्या भाड्यात दिसत नाही. पाहुण्यांची घरे ज्यांनी बांधावी त्यांनी आपले पाणी आपल्या छपरावर किंवा समुद्रातून काढावे व आपला मैला आपण शुद्ध करावा. भिंगास हात लावू नये. ही अट आधी घालणे सोपे असते, मागाहून घालणे फार कठीण जाते. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या वाड्यांत उपाहारगृहांचे पंप आधी आले आणि नियम आलाच नाही, तेथील शेजाऱ्यांच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ कशा होतात हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस घरच्या अनुभवाने ठाऊक आहे.

आणखी एक काम शाळांस करण्यासारखे आहे. पाण्यातील खारटपणा मोजण्याचे खिशात मावणारे साधन आता फारसे महाग राहिलेले नाही. बेटावरच्या प्रत्येक शाळेतील मुलांनी ठरावीक विहिरींचे पाणी दर महिन्यास मोजून वहीत लिहिले, तर दहा वर्षांनी ती वही कोणत्याही अहवालाइतकी मोलाची होईल. विहीर एका रात्रीत बिघडत नाही. पण लिहून ठेवलेले नसले की ती नेमकी केव्हा बिघडली यावर नुसते वाद होतात. आमच्या येथे चार वाड्यांतील नऊ विहिरी निवडून आठवीच्या वर्गाने गेल्या कार्तिकापासून अशी वही धरली आहे. सर्वांत किनाऱ्यालगतच्या विहिरीचा आकडा माघात चढला तो अजून उतरलेला नाही.

वसतिगृहाची विहीर या यादीत दहावी व्हावयाची आहे. येत्या मे महिन्यात ती उपसून काढण्याचे ठरले असून माजी विद्यार्थ्यांपैकी सात जणांनी येण्याचे कबूल केले आहे. दोर व पोहरा मिळाला. रहाटाचा आस गंजून गेला आहे, तो नवा करून घ्यावा लागेल.